शेळ्यांची वंशनोंद मोबाइलवर: आधी बोकडाचा नंबर, मग ॲप

मी सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यात पशुसखीचं, म्हणजे गावातल्या जनावरांच्या देखभालीला मदत करायचं काम करते. घरच्या कोकण कन्याळ शेळ्या आहेतच, शिवाय आमच्या बचत गटातल्या बायकांच्या शेळ्यांच्या नोंदीही माझ्याच मोबाइलवर असतात. त्यामुळे नोंदी कशा ठेवायच्या हे विचारणारे फोन येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठलं ॲप घेऊ?" त्याचं उत्तर पुढे देतेच, पण ॲपचा नंबर दुसरा. शेळी ज्या दिवशी भरवली, म्हणजे तिला बोकड लागला, त्याच दिवशी बोकडाचा नंबर लिहायचा, हे पहिलं काम. करडाची आई घरातलं लहान पोरही दाखवतं. बाप मात्र त्या दिवशी लिहिला नाही तर पुढे कधीच कळत नाही. आणि बापच माहीत नसेल तर बाकीचे रकाने कितीही नीट भरा, कुठली पाट (तरुण मादी) ठेवायची, कुठला बोकड आणायचा, यातलं काहीच त्यावरून ठरवता येत नाही.

कोकणात हे आणखी अवघड. भात कापून झालं की शेळ्या मोकळ्या सुटतात. सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळ-माळावर, चार घरच्या शेळ्या एकत्र चरतात आणि त्यांच्यात चार घरचे बोकड असतात. गटातल्या एका काकींना करडांचा बाप विचारला तर म्हणाल्या, "माका काय ठावक गो, सड्यार सगळेच बोकड फिरतत." खरंच आहे ते. म्हणून नोंदीची सुरुवात मोबाइलपासून नाही, गोठ्यापासून करायची.

नंबर

प्रत्येक जनावराला कळपाचा एक कायमचा नंबर द्या. मी जन्मवर्षाचे दोन आकडे आणि त्या वर्षातला जन्माचा क्रम घेते. २५-०७ म्हणजे २०२५ सालातलं सातवं करडू. चांदी, भुरी, काळी ही नावं हाक मारायला ठेवाच, पण ॲपमध्ये ओळख नंबरानेच. आमच्या वाडीत प्रत्येक घरात एक काळी आहे.

सरकारी बिल्ला वेगळा. भारत पशुधन प्रणालीत जनावराची नोंद होते तेव्हा कानात बारा आकडी नंबराचा पिवळा बिल्ला येतो. विम्याला, सरकारी दवाखान्याच्या नोंदीला तोच चालतो. तो ॲपमध्ये वेगळ्या रकान्यात घाला. काटेरी झुडपात अडकून बिल्ला तुटतो, मग नवा नंबर मिळतो. कळपाचा नंबर मात्र बदलत नाही, म्हणून आई-बापाची सगळी साखळी कळपाच्या नंबरावर बांधायची. बिल्ला मारायचं काम पावसाळ्यात करून घेऊ नका, कानाची जखम आमच्या दमट हवेत चिघळते.

एक नंबर पुन्हा दुसऱ्या जनावराला द्यायचा नाही, पहिलं मेलं तरी नाही. मेलेलं किंवा विकलेलं जनावर ॲपमधून पुसायचंही नाही. त्याच्यापुढे "मृत" किंवा "विक्री" आणि तारीख टाकायची. ते पुसलं तर त्याच्या मुलींचा बाप आणि नातवंडांचा आजा एका झटक्यात नाहीसा होतो.

कन्याळ शेळी ओळखायला सोपी आहे. अंग काळं, आणि तोंडावर दोन्ही बाजूंनी नाकपुडीपासून कानापर्यंत पांढरा पट्टा. पण कळपात सगळ्याच तशा असल्या की गोंधळ होतो. मी प्रत्येकीचे दोन फोटो घालते, डाव्या गालाचा आणि उजव्या गालाचा. पट्ट्याची रुंदी आणि कड दोन शेळ्यांत सहसा सारखी नसते. बिल्ला पडला तरी फोटोवरून शेळी सापडते.

भरवल्याची नोंद

शेळी साधारण दर १८ ते २१ दिवसांनी माजावर येते, म्हणजे बोकड घ्यायला तयार होते, आणि माज दीड दिवसाच्या आसपास टिकतो. सकाळी शेपूट हलवत ओरडताना दिसली तर संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेला बोकड दाखवावा. ज्यांचे बोकड बांधलेले असतात त्यांचं काम इथेच सोपं होतं: तारीख, शेळीचा नंबर, बोकडाचा नंबर, संपलं.

ज्यांचा बोकड कळपातच फिरतो त्यांनी त्याच्या छातीला रंग लावावा. बोकड शेळीवर चढला की रंग तिच्या पुठ्ठ्यावर उतरतो. काव (तांबडी माती) सगळीकडे मिळते, पण आमच्या काळ्या शेळ्यांवर तांबडी काव उठून दिसत नाही. मी पिवडी (पिवळी माती) खोबरेल तेलात घट्ट कालवते आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावते. संध्याकाळी शेळ्या गोठ्यात शिरताना दारात उभं राहून मागून बघायचं. पिवळा डाग दिसला की त्या शेळीचा नंबर लिहायचा. दोन बोकड असतील तर एकाला पिवडी, दुसऱ्याला काव, आणि काव लावलेल्या बोकडाच्या शेळ्या उजेडात जरा जवळून बघायच्या.

लिहायचं कुठे? गोठ्यात वही टांगलेली असू दे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि सोबत शिसपेन्सिल. पेनाची शाई जूनमध्येच पसरते, शिशाचं अक्षर ओल्या कागदावरही टिकतं. मोबाइल शेणाच्या हाताने काढायची गरज नाही. रात्री जेवण झाल्यावर वहीतलं ॲपमध्ये उतरवायचं आणि वहीत त्या ओळीसमोर बरोबरची खूण करायची.

भरवल्याची तारीख ॲपमध्ये टाकली की दोन आठवणी लावा. पहिली अठराव्या दिवसाची. त्या दिवसापासून आठवडाभर शेळीवर लक्ष ठेवायचं. पुन्हा माजावर आली तर ती उलटली. तेव्हा जुनी नोंद पुसू नका, तिच्यापुढे "उलटली" लिहा आणि नवी तारीख नव्या ओळीत घ्या. एकाच बोकडाच्या पुढे उलटलेल्या शेळ्या वाढू लागल्या तर दोष शेळ्यांत नाही, बोकड तपासून घ्यायला हवा. जुन्या ओळी पुसत गेलात तर हे कधी ध्यानातच येणार नाही.

दुसरी आठवण १४५व्या दिवसाची. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवस, पाचेक दिवस इकडेतिकडे. १४५व्या दिवसापासून ती लांब चरायला जाऊ नये.

हे १५० दिवस बाप ठरवायलाही उपयोगी पडतात. समजा शेळीपुढे दोन नोंदी आहेत: १ मेला बोकड २३-०२ आणि २१ मेला बोकड २४-११. करडं १७ ऑक्टोबरला जन्मली, पूर्ण वाढलेली, उभी राहून लगेच दूध प्यायली. २१ मेपासून मोजले तर १४९ दिवस, १ मेपासून मोजले तर १६९. बाप २४-११ ठरला. तीच करडं २८ सप्टेंबरला जन्मली असती तर बाप २३-०२ आणि उलटल्याचा दिवस नुसता भास. दोन बोकड एकाच माजात लागले असतील तर मात्र दिवस मोजून काही कळत नाही. तिथे दोन्ही नंबर शेऱ्यात लिहा आणि बापाचा रकाना "अज्ञात" ठेवा. अंदाजाने एक नंबर ठोकून द्यायचा नाही. चुकीचा बाप अज्ञात बापापेक्षा वाईट, कारण पुढची सगळी नाती त्याच्यावर उभी राहतात.

आणि "अज्ञात" लिहितानाही एक काळजी घ्या. बऱ्याच जणी "अज्ञात बोकड" नावाचं एकच जनावर ॲपमध्ये तयार करतात आणि सड्यावर लागलेल्या सगळ्या शेळ्या त्याच्या नावावर टाकतात. ॲपला ती सगळी करडं एकाच बापाची वाटतात, आणि मग ज्यांचं काही नातं नाही त्यांनाही ते सावत्र भावंडं ठरवतं. बापाचा रकाना कोरा ठेवा. ॲप कोरा ठेवू देत नसेल तर प्रत्येक वेताला, म्हणजे प्रत्येक बाळंतपणाला, वेगळा अज्ञात घ्या: अज्ञात-२५-अ, अज्ञात-२५-आ.

आता ॲप

शेळ्या वीस-पंचवीसच्या आत असतील तर गुगल शीट पुरते. ती फुकट आहे, मराठीत रकाने लिहिता येतात आणि ऑफलाइन वापरायची सोय चालू करून ठेवली तर नेटवर्क नसतानाही भरता येते. आमच्याकडे पावसात वीज गेली की टॉवरही बंद होतो, म्हणून ऑफलाइन चालत नाही ते ॲप कोकणात घेऊच नये असं माझं मत आहे. शीटमध्ये तीन पानं करा. पहिल्यावर जनावरं: नंबर, नाव, लिंग, जन्मतारीख, आई, बाप, बिल्ला, स्थिती. दुसऱ्यावर भरवण्याच्या आणि विण्याच्या नोंदी. तिसऱ्यावर वजनं. विण्याची अंदाजे तारीख हवी त्या खान्यात बरोबरचं चिन्ह (=) टाका, भरवल्याच्या तारखेच्या खान्यावर बोट ठेवा आणि अधिक १५० लिहा. तारीख आपोआप येते.

त्याआधी शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत आहे ना, ते बघा. अमेरिका असेल तर ५/७ म्हणजे ७ मे होतं, आपण लिहिलेलं असतं ५ जुलै. दोन महिन्यांचा फरक पडतो आणि १३ तारखेच्या आतली चूक डोळ्यांना दिसतही नाही.

कळप मोठा असेल, किंवा पूर्ण गटाच्या नोंदी एकत्र ठेवायच्या असतील, तर पैदाशीचं तयार सॉफ्टवेअर बरं पडतं, कारण वंशावळ आणि जवळच्या नात्याचं गणित ते स्वतः करतं. घेण्यापूर्वी ते कुठल्या जनावरासाठी बनवलंय ते मात्र नीट बघा. परदेशात अल्पाका आणि लामा पाळणाऱ्यांसाठी बनवलेलं एक सॉफ्टवेअर मी बरेच दिवस उघडून बघितलं. हे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले, उंटाच्या कुळातले प्राणी. अल्पाकाचा गाभणकाळ साडेअकरा महिन्यांच्या आसपास असतो. शेळीसारखा ठरावीक दिवसांनी येणारा माज त्यांच्यात नसतो, नर लागल्यानंतरच मादीचं बीज सुटतं. त्यामुळे त्या सॉफ्टवेअरमध्ये माजाच्या तारखेला रकानाच नव्हता. त्याऐवजी नर पुन्हा दाखवल्यावर मादी काय करते हे लिहायची जागा होती. गाभण मादी नराला जवळ येऊ देत नाही, त्याच्यावर थुंकते आणि पळते, आणि तिकडचे लोक त्यावरून ती गाभण आहे की नाही हे ताडतात. तिला पिल्लू बहुधा एकच होतं, म्हणून एका बाळंतपणाला एकाच पिल्लाची जागा. आपल्या जुळ्यांचं तिथे काय करणार? लोकरीच्या धाग्याची जाडी मायक्रॉनमध्ये लिहायला मात्र तिथे भरपूर रकाने होते.

तरी ते बघून मला फायदा झाला. ते लोक बापाच्या बाबतीत फार काटेकोर आहेत. अमेरिकेत अल्पाकाची वंशनोंद करताना आई-बाप डीएनए तपासून पडताळले जातात. आपल्याकडे एवढं परवडायचं नाही, पण पिवडीचा डाग आणि दिवसांची मोजणी तर आपल्या हातात आहे.

तर तयार ॲप घेताना या गोष्टी स्वतः करून बघा. गाभणकाळ १५० दिवस ठेवता येतो का. एका वेताला दोन-तीन करडं टाकता येतात का, आणि त्यातलं एक मेलेलं जन्मलं तर तेही लिहिता येतं का. उलटल्याची नोंद ठेवता येते का. बाप कोरा ठेवता येतो का. सगळ्यात शेवटी, आणि मी तर यावरच ॲप नाकारते किंवा घेते, सगळी माहिती सीएसव्ही किंवा एक्सेल फाइलमध्ये बाहेर काढता येते का. ॲप बंद पडलं, पैसे मागू लागलं, मोबाइल बदलला, तर वर्षांच्या नोंदी अडकून राहायला नकोत. दोन खोट्या शेळ्या, एक बोकड आणि एक जुळं वेत घालून फाइल काढून बघा, मगच खरा कळप भरा.

शेळी व्याल्यावर

करडं सुकली, चीक प्यायली, नाळेला आयोडीन लागलं की वजन. जन्माचं वजन पहिल्या दिवसातच घ्यायचं. ताणकाट्याला कापडी पिशवी लावा, आधी रिकाम्या पिशवीचं वजन बघून घ्या, मग करडू आत ठेवा. काटा स्थिर व्हायला क्षणभर लागतो, करडू धडपडत असेल तर पिशवीचं तोंड हाताने धरून अंधार करा, शांत होतं. त्याच वेळी लिहायचं: लिंग, एकटं की जुळं, तोंडावरचे पट्टे, आईने लगेच चाटलं का, दोन्ही सड चालू आहेत का, ओढून काढावं लागलं का. मेलेलं जन्मलेलं करडूही वेतात मोजायचं.

पुढची वजनं तीन, सहा, नऊ आणि बारा महिन्यांची. सकाळी दूध पाजायच्या आधी, दर वेळी त्याच काट्यावर.

बरोबर नव्वदाव्या दिवशी वजन घेणं कुणालाच जमत नाही, लग्नकार्य असतं, लावणी असते. म्हणून तारीख लिहा आणि हिशेब करा. करडू जन्माला १.९ किलो होतं आणि ९२व्या दिवशी ८.७ किलो भरलं. वाढ ६.८ किलो, भागिले ९२, म्हणजे दिवसाला साधारण ७४ ग्रॅम. त्याला ९० ने गुणून जन्माचं वजन मिळवलं की नव्वद दिवसांचं वजन ८.५५ किलो येतं. आता हे करडू ८५व्या दिवशी वजन केलेल्या शेजारच्या करडाशी ताडून बघता येतं. बरीच तयार ॲप हा हिशेब आपोआप देतात, शीटमध्ये एकदा सूत्र लिहून खाली ओढायचं.

इथे थांबून एक गोष्ट नीट सांगते, कारण पाटी निवडताना सगळ्यांचा डोळा इथेच फसतो. चांदीला एकच करडू, तीन महिन्यांत ९.६ किलो. भुरीला जुळी, ७.४ आणि ७.१ किलो. ॲपमध्ये वजनाप्रमाणे यादी लावली की चांदीचं करडू सगळ्यात वर, भुरीची दोन्ही खाली. बघणारा म्हणणार, चांदीची पाट ठेवा. पण भुरीने तीन महिन्यांत १४.५ किलो करडं उभी केली, चांदीने ९.६. जुळ्यांना पोटात जागा कमी आणि दूध वाटून, ती लहान दिसणारच. म्हणून आई जोखताना वेतातल्या सगळ्या करडांचं तीन महिन्यांचं एकूण वजन बघा. बोकड जोखताना त्याची एकटी करडं इतर बोकडांच्या एकट्या करडांशी आणि जुळी जुळ्यांशी ताडा. "एकटं की जुळं" हा रकाना ज्या ॲपमध्ये नाही त्याची वजनाची यादी पैदाशीला कामाची नाही.

जवळचं नातं

एका बोकडामागे वीस-पंचवीस शेळ्या हा नेहमीचा हिशेब. गावात तो बोकड चांगला निघाला की चार-चार वर्षं राहतो, आणि तेवढ्यात त्याच्या पाटी माजावर येऊन त्यालाच लागतात. आई-बाप एकमेकांच्या किती जवळच्या रक्ताचे, हे सांगणारा आकडा म्हणजे करडाचा जवळिकीचा टक्का. बाप आणि लेक यांच्या करडात तो २५ येतो. सख्ख्या भावंडांच्या करडातही २५. सावत्र भावंडांच्या १२.५. चुलत भावंडांच्या ६.२५. टक्का वाढला की करडं बारीक जन्मतात, मरतूक वाढते, शेळ्या उलटू लागतात, आणि हे इतक्या हळू होतं की लोक चाऱ्याला दोष देतात.

मी ६.२५ च्या वर जाऊ देत नाही. ॲपमध्ये शेळी आणि बोकड निवडून होणाऱ्या करडाचा टक्का आधीच काढता येतो, तो काढल्याशिवाय बोकड लावायचा नाही. शीट वापरत असाल तर दोघांचे आई-बाप आणि आजी-आजे एका कागदावर लिहा. एकही नंबर दोन्ही बाजूंना दिसला नाही तर लावायला हरकत नाही.

पण ॲपने शून्य टक्के दाखवलं म्हणून निर्धास्त होऊ नका. आजे-आज्या भरलेल्याच नसतील तर कुठलंही ॲप शून्यच दाखवणार. ते शून्य म्हणजे नातं नाही असं नव्हे, ॲपला माहिती नाही एवढंच. शून्य दिसलं की दोघांची वंशावळ उघडून किमान आजा-आजीपर्यंत रकाने भरलेले आहेत ना ते बघायचं. नवीन कळपात पहिली दोन वर्षं सगळीकडे शून्यच दिसेल. त्या काळात एकाच वाडीतल्या शेळीला त्याच वाडीतला बोकड लावताना मी नातं आहे असंच धरते.

बोकड त्याच्या पहिल्या पाटी माजावर येण्यापूर्वी हलवायचा. चांगला असेल तर दुसऱ्या तालुक्यातल्या गटाशी अदलाबदल करा. कन्याळ ही महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत जातींपैकी एक, उस्मानाबादी, संगमनेरी आणि बेरारीच्या बरोबरीची, आणि तिचं मूळ घर सिंधुदुर्ग. निळेलीच्या पशुपैदास प्रक्षेत्रावर कोकण कृषी विद्यापीठाने या शेळीवर काम केलं आहे. घाटावरून धिप्पाड बोकड आणून दोन पिढ्यांत ही जात मिसळून टाकणं सोपं आहे. शुद्ध कन्याळ कोण आणि मिश्र कोण हे आज लिहून ठेवलं नाही तर पुढे तोंडावरच्या पट्ट्यांवरून ते सांगता येणार नाही. म्हणून जातीच्या रकान्यात नुसतं "कन्याळ" न लिहिता आई आणि बाप दोघांची जात लिहा.

पावसाचा हिशेब

नोंदी एक वर्ष नीट झाल्या की करडांची यादी जन्माच्या महिन्याप्रमाणे लावा आणि मृत किती ते बघा. आमच्या गटात जुलै-ऑगस्टच्या ओळींत मृत जास्त दिसतात. माच्याचा, म्हणजे जमिनीपासून उंच फळ्यांचा, गोठा असला तरी सततचा ओलावा, सर्दी, न्यूमोनिया, आणि शेळ्यांना बाहेर चरायला न मिळाल्यामुळे दूध कमी. म्हणून आम्ही जानेवारी ते एप्रिल बोकड बंद ठेवतो. ३१ डिसेंबरला लागलेली शेळी ३० मेच्या सुमारास विते, १ मेला लागलेली २८ सप्टेंबरच्या. मधले चार महिने गोठ्यात बाळंतपण नाही. बोकड वेगळा ठेवायला जागा नसेल तर त्याच्या पोटाखाली गोणपाटाचा पडदा बांधा, पण रोज तपासा, तो सरकतो.

आठ महिन्यांनी वेत घ्यायचं, दोन वर्षांत तीन वेतं, असं सगळीकडे सांगितलं जातं. १२ ऑक्टोबरला व्यालेली शेळी त्या हिशेबाने १२ जूनच्या आसपास पुन्हा विते, म्हणजे नेमकी पावसाच्या तोंडावर. कोरड्या मुलखात ते ठीक. इथे मी ते एक वेत सोडून देते आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. तुमचा गोठा कोरडा असेल आणि तुमच्या यादीत पावसाळी करडं जगत असतील तर तुम्ही वेगळं ठरवा, यादी तुमची आहे.

मे-जूनमध्ये शेळ्या भरवल्या की आणखी एक गोष्ट बघावी लागते. पावसाआधीचं जंताचं औषध याच दिवसांत द्यायचं असतं, आणि अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीला देत नाहीत, गर्भाला धोका असतो. औषध द्यायच्या दिवशी ॲपमधून भरवलेल्या शेळ्यांची यादी काढून डॉक्टरांना दाखवा, म्हणजे ते त्यांना वेगळं औषध सांगतील. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होऊन शेळ्या दगावतात त्या रोगाची, लसही यादीवरूनच: पावसाआधी कळपाला, आणि विण्याच्या महिनाभर आधी गाभण शेळीला, म्हणजे चिकातून करडांना संरक्षण मिळतं. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, लस करडू तीन महिन्यांचं झालं की. लसीच्या नोंदीत बाटलीवरचा बॅच नंबर लिहा.

विकताना, आणि फाइल जपताना

पैदाशीला बोकड विकताना सोबत कागद द्या: त्याचा नंबर, बिल्ला, जन्मतारीख, आई-बाप, चारही आजी-आजे, जन्माचं आणि तीन-सहा-बारा महिन्यांचं वजन, एकटा की जुळा, दोन्ही गालांचे फोटो. घेणाऱ्याला त्याच्या कळपाची वंशावळ तिथूनच सुरू करता येते. बकरी ईदच्या गिऱ्हाइकालाही वर्ष पूर्ण झाल्याची खात्री हवी असते, दात बघण्याबरोबर जन्मतारीख दाखवली की बोलणं लवकर संपतं. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, तेव्हा कुठल्या महिन्यातल्या करडांना त्या दिवशी वर्ष भरेल हे आदल्या वर्षीच यादीतून काढून ठेवावं.

विकत आणलेला बोकड कळपात सोडण्यापूर्वी तीन आठवडे वेगळा बांधा आणि त्या दिवसांत त्याचा कागद ॲपमध्ये भरून घ्या. त्याचे आई-बाप आपल्या गोठ्यात नसले तरी त्यांनाही नंबर देऊन "बाहेरचे" म्हणून टाका, नाहीतर वंशावळ त्याच्यापाशीच तुटते.

महिन्यातून एकदा सगळी माहिती फाइलमध्ये काढून स्वतःला ईमेल करा आणि एक प्रत गटाच्या सचिवांना व्हॉट्सॲपवर पाठवा. फाइलच्या नावात तारीख असू दे. जून लागण्यापूर्वी एक छापील प्रत काढून कपाटात ठेवली तर वीज नसतानाही काम अडत नाही. गोठ्यातल्या पेन्सिलीच्या वह्या ॲपमध्ये उतरल्या म्हणून चुलीत घालू नका. दोन नोंदी जुळेनाशा झाल्या तर मूळ पान तेच असतं. एखाद्या बोकडाच्या नाती विऊन मोठ्या होईपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षं तरी, त्या काळातल्या वह्या कोरड्या डब्यात ठेवा.